सोनबोडीचं गवत

५ ऑक्टोबर १९८१

शाळेच्या निरोपाला मुलींनी दिलेली ही डायरी आजवर कोरीच पडली होती. इतकी वर्षं कवायत शिकवली आणि आता सकाळी उठून कोणाला 'सावधान' म्हणायची सोय नाही, हे काय लिहून ठेवायचं?

आज लिहिते, कारण आज ठरवलं.

मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय बराच सुधारला. काठी घेऊन घरभर फिरतात. बोलणं मात्र परत आलं नाही. एखादा शब्द येतो, तोही अर्धाच. डॉक्टर म्हणतात, मन रमवा, आपोआप बोलतील. पण मन रमणार कुठे? सकाळी उठले की व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसतात आणि जेवणाची वेळ होईपर्यंत समोर बघत राहतात. समोर आहे काय? गवत! सोनबोडी तलावाच्या काठी प्लॉट घेतला तो पाणी दिसावं म्हणून, आणि दिसतं ते माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं पाणकणीस. नाल्याच्या तोंडापासून आमच्या घरापर्यंत आणि पुढे पार वळणापर्यंत नुसती हिरवी भिंत. संध्याकाळी डास. रात्री त्यात कोण जाणे काय काय ओरडत असतं.

हे गवत मी काढणार. ह्यांना खुर्चीत बसल्या बसल्या पाणी दिसलं पाहिजे. ह्यांना सांगितलं, तर मान जोरजोरात हलवली. मानेनेच 'नको नको' म्हणत होते. मला त्रास होईल म्हणून. आजारपणातही माझीच काळजी.

१९ ऑक्टोबर

महिला मंडळाची सभा आमच्याच अंगणात झाली. सेक्रेटरी सिंधूताई आधी कुरकुरल्या, "बाई, चिखलात उतरायचं म्हणजे..." मी म्हटलं, कवायतीत चिखल नसतो असं कोणी सांगितलं? दिवाळी झाली की एक रविवार. विळे ज्याचे त्याने आणायचे. वॉर्डाचे मेंबर भैयाजी मुळं उपटायला ट्रॅक्टर आणि माणसं देणार.

सभा संपता संपता भागीरथा आली. तलावाच्या पलीकडच्या टोकाला तिच्या माणसांच्या चार झोपड्या आहेत. दीर-पुतणे मासे धरतात, ती शिंगाडे लावते आणि टोपलीत घेऊन दारोदार विकते. टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "बाई, आमच्या कोपऱ्यातलं गवत कापाचं नाही. आमचे छप्परं त्याचेच हायेत."

"कौलं घाल की, भागीरथा."

"तुमी देता का कौलं?"

बायका हसल्या. मला ते आवडलं नाही. तिचा कोपरा सोडून द्यायचं ठरलं. तसाही तो आमच्या घरून दिसत नाही.

८ नोव्हेंबर

झालं! अंग इतकं दुखतंय की पेन धरवत नाही, पण आज लिहिणारच.

सकाळी शिट्टी वाजवली आणि बायका ओळीने पाण्यात उतरल्या. नऊवारीतल्याही. मी पुढे. दुपारपर्यंत नाल्याच्या तोंडापासून वळणापर्यंत सगळं आडवं. मागून ट्रॅक्टरने मुळंसुद्धा ओढून काढली, परत उगवायला नको म्हणून. गवतातून काळ्या-जांभळ्या पाखरांचा थवाच्या थवा ओरडत उठला. सिंधूताई किंचाळल्या, त्यांना साप वाटला.

हे व्हरांड्यात उभे होते. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी. काठी जमिनीवर आपटत होते. ठक् ठक् ठक्, थांबतच नव्हते. मी तिथूनच हात केला. कोणी ह्यांच्यासाठी एवढं केलं तर आनंद होणारच. बायकाही म्हणाल्या, मधुकररावांनी काय शाबासकी दिली बघा!

संध्याकाळी मावळतीचं पाणी कसं सोन्यासारखं दिसत होतं. ह्यांना बाहेर बोलावलं, पण दमले होते. लवकर झोपले.

१६ नोव्हेंबर

पेपरात फोटो आला. विळा उगारलेली मी, मागे मंडळ. भैयाजी पेढे घेऊन आले.

"बाई, कमाल केली तुम्ही. आता पाहा मी काय करतो. चारी बाजूनं दगड लावून काठ पक्का, नाल्याले सरळ पाइप, आन् पाण्यात बोटी. अर्ज तुमच्या मंडळाचा द्या. मंजुरी माह्यावर सोडा."

अर्ज तिथेच लिहून दिला. सही करताना हात जरा ऐटीतच फिरला, कबूल करते.

१२ डिसेंबर

आज ह्यांनी शब्द काढला! व्हरांड्यात बसले होते. मी केस पुसत बाहेर आले, तर बोट समोर करून म्हणाले, "कों... कोंबडी."

दोनदा म्हणाले. मला काय करू न् काय नको झालं. झटका आल्यापासून ह्यांनी स्वतःहून काही मागितलं ते आजच. मटण-कोंबडी डॉक्टरांनी बंद केली आहे, पण म्हटलं, एक दिवस. इतवारी बाजारात जाऊन कोंबडी आणली, तिखट अगदी बेताचं टाकलं. ताट समोर ठेवलं तर बघतच राहिले. मग ताट सरकवलं आणि डोळ्यांतून पाणी.

डॉक्टर म्हणाले होते, ह्या आजारात उगाच रडू येतं. उरलेला रस्सा मीच खाल्ला. वाईट वाटलं, पण चांगला झाला होता.

२४ जानेवारी १९८२

ह्यांनी खुर्ची फिरवून घेतली आहे. तोंड भिंतीकडे. पाण्यावरून ऊन परावर्तित होऊन डोळ्यांवर येत असणार. वाळ्याचे पडदे लावले. तरी खुर्ची भिंतीकडेच. आज ती मी सरळ करून दिली, तर उठून आत जाऊन पलंगावर बसले. हट्टी माणूस.

१४ मार्च

पाण्याला हिरवट रंग आला आहे. आधी शोभून दिसत होता. आता काठाला साय धरल्यासारखं काही तरंगतं आणि कुजकट वास येतो. याला कारण म्हशी. पलीकडून रोज पाण्यात घालतात. आज उभी राहून चार म्हशी हाकलल्या. गुराखी म्हणाला, "आमच्या आज्यापासून येऊन राहिल्या म्हशी, आतापर्यंत तं नाही नासलं पाणी." त्याला चांगलं सुनावलं.

डासही कमी झालेले नाहीत. उलट जास्तच आहेत असं सिंधूताई म्हणतात. सिंधूताईंना कुरकुरायची सवयच आहे.

२१ मे

सकाळी दार उघडलं आणि वास. काठावर पांढरी पट्टीच्या पट्टी. जवळ गेले तर मासे. पोटं वर करून. बोटाएवढे, हाताएवढे, आणि एक तर लहान मुलाएवढा. कावळे बसले होते पण खात नव्हते, इतके मासे.

पलीकडून भागीरथाच्या घरचे लोक आले होते. भागीरथा एका एका माशाला उलटून बघत होती. मी म्हटलं, "भागीरथा, कोणी विष टाकलं का गं?"

तिने वर पाहिलं. "तुमालेच ठाऊक."

मला त्याचा अर्थ कळला नाही. राग मात्र आला. विष टाकणाऱ्याला मी शोधून काढीन.

२४ मे

काचेच्या बरण्या धुऊन दोन ठिकाणचं पाणी भरलं. एक आमच्या घरासमोरचं. दुसरं भागीरथाच्या कोपऱ्यातलं, कारण मेले मासे तिकडे नव्हते आणि मला संशय आला की विष टाकणारे आपला कोपरा सांभाळून टाकणार. बरण्या पिशवीत घालून प्रेमिलाकडे गेले. माझी विद्यार्थिनी, दोरीवरच्या उड्यांत पहिली यायची. आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. टेबलावर बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा मीच चमकले. एक पाणी वाटलेल्या पुदिन्यासारखं, दुसऱ्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

प्रेमिला म्हणाली, "एवढ्यावर नाही सांगता येणार, बाई. मी स्वतः येते."

२७ मे

प्रेमिला पहाटेच आली. साडी खोचून पाण्यात उतरली, बाटल्या भरल्या, त्यात थेंब थेंब औषधं टाकली. मग नाल्याच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली.

"बाई, इथे गवत होतं नं? मी लहानपणी इकडे यायची. कुठे गेलं?"

"आम्ही काढलं. पेपरात आलं होतं."

तिने हातातल्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाली, "तुम्ही रागावणार नसाल तर सांगते."

शाळेत याच आवाजात ती गृहपाठ राहिल्याचं सांगायची.

तिने सांगितलं ते असं. विष कोणी टाकलेलं नाही. नाल्यातून आमच्या लेआउटमधल्या सगळ्या घरांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी येतं. पूर्वी ते गवतातून थांबत थांबत जायचं. गाळ तिथेच बसायचा, घाणीतलं खत गवत ओढून घ्यायचं. आता ते सरळ तलावाच्या पोटात जातं. त्या खतावर हे हिरवं शेवाळ माजलं. ते रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, तळाशी कुजणारं ओढून घेतं ते वेगळंच. पहाटेपर्यंत माशांना श्वास घ्यायलाही उरत नाही. भागीरथाच्या कोपऱ्यात लहान नाला आहे, पण गवतही आहे. म्हणून ते पाणी स्वच्छ.

"म्हणजे मासे मी मारले?" मी विचारलं.

"असं नाही म्हणत मी, बाई."

"मग काय म्हणतेस?"

ती चप्पल घालायला लागली.

३० मे

तीन दिवस मनात नुसता राग. प्रेमिलावर. अभ्यासात ती तशी बेताचीच होती, असंही मनात येऊन गेलं. मग दोन्ही बरण्या खिडकीत ठेवल्या आहेत त्या दिसतात आणि राग कुठे ठेवावा कळत नाही.

आज दुपारी ह्यांच्याजवळ बसले. खुर्ची भिंतीकडेच होती. मी पण भिंतीकडे तोंड करून बसले आणि सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "तुम्हाला ते गवत हवं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ कितीदा जुळवले. "पाण..." म्हणाले. मी पाण्याचा तांब्या उचलला. "पाण... कोंबडी."

तांब्या हातातच राहिला.

पाणकोंबडी. ती जांभळी पाखरं, लाल चोचीची. गवताच्या कडेने पिल्लं घेऊन हिंडायची, शेपटी उडवत. रोज सकाळी हा माणूस त्यांना बघत होता, आणि मी त्याला रस्सा करून वाढला. काठी आपटत होते ते... नाही लिहवत.

२ जून

रडून झालं. ज्या हातांनी काढलं त्याच हातांनी लावायचं. पाऊस बसायच्या आत.

सायकलरिक्षात ह्यांना बसवून पलीकडे गेले. भागीरथाचा कोपरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. तिथे पाणकोंबड्या होत्या! एक कणसाच्या काडीवर चढून तोल सावरत होती. हे रिक्षातून उतरायच्या आधीच हसायला लागले. तोंड एका बाजूला वाकडं होतं हसताना. हे हसणं मी विसरूनच गेले होते.

भागीरथाने ह्यांना बसायला खाट टाकली. मला बस म्हटलं नाही.

"मला थोडं गवत हवं आहे, मुळासकट," मी म्हटलं. "नाल्याच्या तोंडाशी लावायला."

"आता कायले? तवा मुळं उपटून फेकले. यंदा शिंगाडा झाला नाही माहा. मच्छी गेली. माहे पुतणे खापरखेड्याले मजुरीले गेले, ठाऊक हाय का?"

ठाऊक नव्हतं. "चुकलं माझं," म्हटलं.

ती हातातलं जाळं विणतच म्हणाली, "एकट्या नका येऊ. ज्याईनं कापलं त्या साऱ्याईले आना. पाण्यात उतरू द्या त्याईले पन."

८ जून

मंडळाची सभा. मी सरळ सांगितलं की आपण चूक केली, आता गवत परत लावायचं. आधी त्यांना वाटलं मी गंमत करते. मग सिंधूताई उठल्या. "लोक काय म्हणतील? पेपरात फोटो आला आपला! तुम्ही म्हणाल तेव्हा काढायचं, तुम्ही म्हणाल तेव्हा लावायचं? आम्ही काय तुमच्या शाळेतल्या पोरी आहोत?"

खरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना पोरींसारखंच वागवत आले. सिंधूताईंनी सेक्रेटरीपद सोडलं. बाकीच्याही हळूहळू चपला घालू लागल्या. आज शिट्टी वाजवून कोणाला थांबवता आलं नसतं.

ठीक आहे. मी जाईन.

११ जून

एकटी गेले. भागीरथा दारात उभी राहून बघत होती. मी गुडघाभर चिखलात उतरले आणि एक गड्डा उपटायला लागले, तर मीच बसले. ती काही वेळाने आली, कुदळ आत घालून एका हिसक्यात तो काढून दिला. "हे असं," म्हणाली. एवढंच.

संध्याकाळपर्यंत एक पोतं. नाल्याच्या तोंडाशी लावलं तेव्हा रस्त्याने जाणारी माणसं थांबून हसत होती.

१५ जून

आज चार जणी आल्या. पदर खोचून उतरल्या. प्रेमिलाही कॉलेज संपवून आली. तिने सांगितलं, गवताच्या अलीकडे नाल्यात दगडांचा एक छोटा बांध घातला तर जाड गाळ आधीच बसेल, गवतावरचा भार कमी होईल.

दगड कुठून आणायचे, हा विचार करतच घरी आले, तर नाल्यापाशी दगडांचे ट्रक! भैयाजींची मंजुरी आली होती. माझ्या अर्जाची.

१६ जून

भैयाजींच्या घरी गेले. अर्ज परत घेते म्हटलं.

"बाई, तुम्हीच तं अर्ज देला होता नं? आता काहून नाही म्हणून राहिल्या? मंजूर काम परत जात नसते. रविवारी नारळ फोडायचा आहे, तुम्हाला समोर उभं करतो."

"मी उभी राहीन," मी म्हटलं. "पण मला दोन शब्द बोलू द्यावे लागतील."

ते खूश झाले.

२० जून

काठावर मांडव, सगळा लेआउट जमलेला. मेल्या माशांचा वास अजून पुरता गेला नव्हता. भैयाजी रुमाल नाकाला लावूनच बसले होते. हजार मुलींसमोर बोललेली मी, पण आज दोनदा पदर सावरला.

मी सांगितलं, मागच्या नोव्हेंबरात याच काठावर माझा फोटो निघाला तो चुकीच्या कामाचा होता. गवत काढलं मी, तलाव नासवला मी. नाल्यात आपल्या सगळ्यांच्या घरचं पाणी येतं. ते गाळायला देवाने चाळणी ठेवली होती, ती आपण तोडली. आता इथे दगड आणि पाइप घातला तर घाण आणखी वेगाने आत जाईल आणि पुढच्या मे महिन्यात हाच वास. रस्त्याकडचा काठ खचतो, तिथे दगड लावा. नाल्याकडचा काठ आम्हाला द्या.

कोणीतरी मागून ओरडलं, "तवा अक्कल कुठं गेली होती?"

"घरी ठेवून आले होते," मी म्हटलं. लोक हसले, पण त्या हसण्याने काही सैल झालं. मग एक एक जण वासाबद्दल, डासांबद्दल बोलायला लागला. भैयाजींनी रुमाल खिशात घातला. लोकांचा कल त्यांना बरोबर कळतो.

शेवटी अर्धं मिळालं. रस्त्याकडचा आणि पूर्वेकडचा काठ दगडी होणार. पूर्वेच्या काठावर अजून उरलेली लव्हाळी गेली, ती मला वाचवता आली नाही. नाल्याची बाजू राहिली. आणि बांधासाठी एक ट्रक दगड.

जाताना सिंधूताई शेजारून गेल्या. "परवा येते," एवढंच म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

२८ ऑगस्ट

बरेच दिवस लिहायला झालं नाही. पावसाने पहिली अर्धी लागवड वाहून नेली, उरलेल्यात म्हशी शिरल्या. या खेपेला म्हशी हाकलल्या नाहीत. गुराख्याशी बोलून त्यांची वाट वरच्या बाजूने ठरवली, बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पुन्हा लावलं. बांधामागे हातभर गाळ साचला आहे. प्रेमिलाने त्याचा वास घेतला आणि हसली. घाण बघून हसणारी बाई पहिल्यांदाच पाहिली.

पाणी अजून हिरवं आहे. ती म्हणते, दोन-तीन वर्षं लागतील. तोवर हे... असो. लागतील तर लागतील.

१४ नोव्हेंबर

पाणी उतरलं, म्हणून आज उरलेल्या पट्ट्यात लागवडीला हात घातला. मंडळाच्या निम्म्या बायका होत्या. भागीरथाने गड्डे काढून ठेवले होते. तिचा एक पुतण्या परत आला आहे.

हे काठी टेकत काठापर्यंत आले होते. भागीरथाने खाट टाकली, पण बसले नाहीत. मी लावत होते आणि मागून ह्यांचं 'अं, अं' चालू होतं. मी लक्ष दिलं नाही, काम संपवायचं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"इतकं जवळ जवळ लावतात का कुठे? अक्कल आहे का तुला?"

मी वळून पाहिलं. सगळ्या बायका थांबल्या होत्या. अख्खं वाक्य! दोन वाक्यं! अडखळत आली, पण शेवटपर्यंत आली.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि तोंडातून मात्र निघालं, "मग या खाली आणि लावा तुम्ही. काठावर उभं राहून शिकवायला काय जातं?"

"शि... शिकवायला तूच होतीस नं शाळेत! ऐकायची सवय नाही!"

"बरं मग, किती अंतर ठेवू?"

"हात! हातभर!"

"हातभर ठेवलं तर मधून म्हैस जाईल."

"जाऊ दे!"

झटका येण्याआधी भांडायचो तसे भांडलो. शब्द सापडला नाही की हे काठी चिखलात मारायचे आणि पुढचा शब्द शोधून आणायचे. शेवटी भागीरथा कुदळ टेकून उभी राहिली. "बाई, भांडन घरी जाऊन करा. पाणी गढूळ करून राहिले दोघं मिळून."

घरी येतानाही भांडलो. जेवतानाही. आता ह्यांचा घसा बसला आहे, आणि झोपेतही कपाळाला आठी आहे.

उद्या राहिलेला तुकडा लावायचा आहे. अंतर हातभरच ठेवणार. ह्यांना मात्र ते सांगणार नाही.